गणिताचे प्राध्यापक आणि ‘तसले’ प्रश्न

लोकलच्या दाराशी उभं राहिलं की एक स्टिकर हमखास दिसतो. गुप्तरोग, खात्रीशीर इलाज, खाली मोबाइल नंबर. आपण तो वाचतो आणि वाचलाच नाही असा चेहरा करतो. मी पण तेच करते. र. धों. कर्वे मला फक्त संततिनियमनवाले म्हणून माहीत होते. वाचायला बसले तेव्हा कळलं, 1923 मध्ये त्यांनी ‘संततिनियमन’ लिहिलं, त्याच वर्षी ‘गुप्तरोगांपासून बचाव’ नावाचं पुस्तकही काढलं होतं. शंभर वर्षांपूर्वी, मराठीत!

रघुनाथरावांचा जन्म 1882चा. वडील महर्षी धोंडो केशव कर्वे. आई राधाबाई बाळंतपणात गेल्या तेव्हा रघुनाथ जेमतेम नऊ वर्षांचे होते. मॅट्रिकला पहिले आले, पुढे गणित शिकायला पॅरिसपर्यंत गेले, मुंबईच्या विल्सन कॉलेजात प्राध्यापक झाले. इथपर्यंत सगळं कसं घरच्यांना आवडेल असंच. मग 1921 मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचं केंद्र निघालं तेही त्याच वर्षी. कॉलेजला हे उद्योग झेपले नाहीत आणि 1925 मध्ये नोकरी गेली. पत्नी मालतीबाई मात्र सोबत राहिल्या. दोघांनी विचार करून मूल होऊ दिलं नाही.

गरमी आणि परमा हे त्या काळचे शब्द. डॉक्टरांच्या भाषेत सिफिलिस आणि गनोरिया. सिफिलिसची गंमत (खरं तर गंमत नाहीच) अशी की सुरुवातीची जखम बहुतेकदा दुखत नाही आणि काही आठवड्यांत आपोआप भरते. माणसाला वाटतं, सुटलो. एखाद्या वैदूने मधल्या काळात पुडी दिलेली असेल तर श्रेय त्या पुडीला. रोग मात्र आत तसाच राहतो आणि काही जणांमध्ये बऱ्याच वर्षांनी हृदयावर, मेंदूवर उठतो. गनोरियात तर पुष्कळ बायकांना काहीच लक्षण जाणवत नाही. म्हणजे नुसतं बघून, अंदाजाने इथे भागत नाही, तपासणी लागते. सिफिलिससाठी रक्ततपासणी 1906 पासून होती, 1910 पासून साल्व्हर्सान हे आर्सेनिकचं औषधही होतं. पण त्याची इंजेक्शनं पुन्हा पुन्हा घ्यावी लागत, आणि त्यासाठी आधी डॉक्टरांसमोर तोंड उघडावं लागे.

कर्व्यांची लढाई या तोंड उघडण्याचीच होती. जुलै 1927 मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं. त्यात वाचक खासगी प्रश्न विचारायचे आणि कर्वे आडपडदा न ठेवता उत्तरं द्यायचे. याच उत्तरांवरून 1934 मध्ये अश्लीलतेचा खटला भरला गेला. आरोपीचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लोक लैंगिक विषयावर प्रश्न विचारत असतील तर त्यांना उत्तर मिळायलाच हवं, असा त्यांचा युक्तिवाद होता. कोर्टाला तो पटला नाही. कर्व्यांना दंड झाला. त्याआधी 1931 मध्येही एका लेखासाठी झालाच होता.

मला सगळ्यात जास्त विचार त्या पत्र लिहिणाऱ्यांचा येतो. घरी सांगता येत नाही, डॉक्टरांकडे जायची लाज, म्हणून पोस्टात पत्र टाकायचं आणि पुढच्या अंकाची वाट बघायची. आज आपण मध्यरात्री इन्कॉग्निटो उघडून सर्च करतो, नाहीतर मित्राला विचारून केमिस्टकडून गोळ्या आणतो. त्या अंदाजपंचे गोळ्यांनी लक्षणं दबतात आणि जंतू औषधाला दाद देईनासे होतात. खरं तर जिल्हा रुग्णालयांत आणि बऱ्याच मेडिकल कॉलेजांत ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं. तपासणी आणि औषधं मोफत, माहिती गुप्त. सुरुवातीचा सिफिलिस आज पेनिसिलिनच्या एका इंजेक्शनने बरा होऊ शकतो. जोडीदारानेही तपासून घ्यायचं, नाहीतर पुन्हा लागण व्हायची. कुठे जायचं कळत नसेल तर 1097 ही सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट.

पेनिसिलिन आलेलं कर्व्यांनी पाहिलं. मासिक तोट्यात चालायचं, तरी सव्वीस वर्षं त्यांनी ते बंद पडू दिलं नाही. 14 ऑक्टोबर 1953 रोजी ते गेले. ‘समाजस्वास्थ्य’चा शेवटचा अंक त्यानंतर, नोव्हेंबरमध्ये निघाला.