नारळीकरांच्या मामांना पुणे विद्यापीठानं विभागप्रमुख केलं आणि २३ वर्षांची चिंता मिटली

शिरपूर, दोंडाईचा, अमळनेर, चोपडा. खान्देशातल्या या गावांत कुणी १९९० च्या आधी डिग्री घेतली असेल, तर त्यांचं सर्टिफिकेट एकदा बघायला मागा. त्यावर नाव सापडेल पुणे विद्यापीठाचं.

जळगावचं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, म्हणजे आजचं कवयित्री बहिणाबाई चौधरी विद्यापीठ, १९९० साली सुरू झालं. त्याआधी धुळे-जळगावची कॉलेजं पुण्याला जोडलेली होती. परीक्षा पुण्याची, निकालही पुण्याचा. त्यामुळं पुण्यात कुठल्या विषयाला कोण विभागप्रमुख मिळतो, याचा परिणाम पार तापीकाठच्या पोरांपर्यंत पोहोचायचा.

संख्याशास्त्र म्हणजेच स्टॅटिस्टिक्सच्या बाबतीत पुण्याची निवड भारी निघाली. त्या माणसाचं नाव वसंत शंकर हुजूरबाजार.

सोपी ओळख सांगायची तर, जयंत नारळीकरांचे मामा. पण हुजूरबाजारांचं काम एवढं मोठं आहे की भाच्याच्या नावाची गरज पडू नये.

त्यांचा जन्म १५ सप्टेंबर १९१९ चा, कोल्हापूरचा. शिक्षणासाठी ते बनारस हिंदू विद्यापीठात गेले. तिथं गणित शिकवायला होते जयंतरावांचे वडील, विष्णू वासुदेव नारळीकर. ते पण मूळचे कोल्हापूरचेच.

बनारसनंतर हुजूरबाजारांनी गाठलं केंब्रिज. तिथं त्यांना गुरू मिळाले हॅरॉल्ड जेफ्रीज. हा माणूस भूकंपाच्या लहरींवरून पृथ्वीच्या पोटात काय आहे याचा अंदाज बांधायचा. पृथ्वीचा गाभा द्रवरूप आहे, असं त्यांनी १९२६ मध्ये मांडलं होतं. हातात माहिती थोडी असताना तिच्यावरून निष्कर्ष किती खात्रीनं काढायचा, हा जेफ्रीज यांच्या आयुष्यभराच्या अभ्यासाचा विषय. हुजूरबाजारांनीही तोच धागा पकडला आणि तिथं पीएचडी केली.

आता त्यांचं काम नेमकं काय, ते शेतातल्या उदाहरणावरून बघू.

समजा, कपाशीच्या १०० बिया लावल्या. त्यातल्या ८६ उगवल्या. आता बियाणं किती टक्के उगवतं याचा अंदाज बांधायचा आहे. त्यासाठी पहिली बी उगवली का, सतरावी उगवली का, अशी सगळी यादी जपायची गरज आहे का? नाही. प्रत्येक बी उगवण्याची शक्यता सारखी असेल आणि एकीचा दुसरीवर परिणाम होत नसेल, तर ८६ हा एक आकडा पुरतो. शंभर नोंदींमधली कामाची सगळी माहिती त्या एका आकड्यात येते. संख्याशास्त्रात अशा आकड्याला ‘सफिशियंट स्टॅटिस्टिक’ म्हणतात.

असा पुरेसा आकडा कधी मिळतो, मिळाला तर त्याच्यातून अंदाज कसा बांधायचा, या प्रश्नांवर हुजूरबाजारांनी मूलभूत काम केलं. त्यांचा १९४८ चा शोधनिबंध आजही या विषयाच्या अभ्यासात येतो. पुढं १९६० साली त्यांना केंब्रिजचं मानाचं ॲडम्स पारितोषिक मिळालं. नेपच्यून ग्रहाचं गणित मांडणाऱ्या ॲडम्सच्या नावानं ते दिलं जातं. सात वर्षांनी तेच पारितोषिक भाच्यालाही मिळालं.

हे झालं संशोधन. विभागाचं काय?

पुणे विद्यापीठ स्थापन झालं १९४९ साली. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू. गणेशखिंडीतल्या गव्हर्नरच्या जुन्या बंगल्यातून विद्यापीठाचा कारभार चालू लागला. इमारत आयती मिळाली, पण एकेका विषयाला माणूस शोधणं अवघड होतं.

त्यातून संख्याशास्त्र तर अगदीच नवं. देशात या विषयाचा पहिला पदव्युत्तर विभाग कलकत्ता विद्यापीठात १९४१ ला सुरू झाला होता. स्वातंत्र्यानंतर पंचवार्षिक योजना आल्या, देशभर नमुना पाहणी सुरू झाली आणि आकड्यांची समज असलेल्या माणसांना सगळीकडून मागणी आली. साताऱ्याकडचे मोठे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेत गेले. थोडक्यात, माणसं मोजकी आणि बोलावणारे भरपूर.

अशा काळात, १९५३ साली, पुण्यानं हुजूरबाजारांना विभागप्रमुख केलं. वय जेमतेम ३३-३४. तेव्हा गणित आणि संख्याशास्त्र एकाच छताखाली होतं. विभाग शून्यातून उभा करायचा होता.

१९६२ मध्ये त्यांना अमेरिकेतल्या आयोवा स्टेट विद्यापीठानं बोलावलं. शेतीच्या संख्याशास्त्रासाठी हे विद्यापीठ जगात नावाजलेलं. हुजूरबाजार दोन वर्षं अभ्यागत प्राध्यापक म्हणून राहिले आणि पुण्याला परत आले. १९७६ पर्यंत, म्हणजे तब्बल २३ वर्षं, त्यांनी पुण्याचा विभाग सांभाळला. १९७४ मध्ये सरकारनं त्यांना पद्मभूषण दिलं.

त्यांच्यानंतर विभागाला बी. के. काळे यांच्यासारखा प्रमुख लाभला, ज्यांनी कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठात शिकवलं होतं. म्हणजे एक मोठा माणूस गेल्यावर विभाग उघडा पडला नाही. खान्देशातल्या ज्या पोरांना या विषयात पुढं शिकायचं होतं, त्यांच्यासाठी आपल्याच विद्यापीठात हा विभाग हक्काचा होता.

हुजूरबाजार १९७९ पासून अमेरिकेत डेन्व्हर विद्यापीठात शिकवत होते. १५ नोव्हेंबर १९९१ रोजी त्यांचं निधन झालं. त्यांच्या दोन मुलीही संख्याशास्त्रज्ञ झाल्या.

आज विद्यापीठात प्राध्यापक नेमायचा तर कुलगुरूंच्या अध्यक्षतेखाली निवड समिती बसते. त्यात कुलपतींचा प्रतिनिधी असतो, विषयाचे तीन तज्ज्ञ असतात. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार उमेदवाराकडे पीएचडी, साधारण दहा वर्षांचा अनुभव आणि किमान दहा शोधनिबंध लागतात. नियम पक्के आहेत, तरी राज्यातल्या विद्यापीठांत प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या राहतात. विभाग तात्पुरत्या नेमणुकांवर चालतात.

यातलं नुकसान लगेच दिसत नाही. लेक्चर होतात, परीक्षा होतात, निकाल लागतो. पण नवा अभ्यासक्रम कुणी आणायचा, पीएचडीला मार्गदर्शन कुणी करायचं, बाहेरच्या चांगल्या माणसांना कुणी बोलवायचं, हे प्रश्न लटकून राहतात. १९५३ मध्ये पुण्यानं एक नेमणूक नीट केली आणि शिरपूरपासून पुण्यापर्यंतच्या पोरांना या विषयाचं दार उघडं राहिलं. आज जळगावच्या विद्यापीठातही संख्याशास्त्राचा विभाग आहे. शिरपूरच्या पोरांना आता पुण्याला जायलाच पाहिजे असं नाही. मात्र तिथं शिकवायला कोण असणार, हे आजही त्या निवड समितीच्या टेबलावरच ठरतं.