पुणतांब्याचा घाट बांधणाऱ्या अहिल्यादेवी : घरात एकामागून एक मृत्यू, तरी देवपूजा सुटली नाही आणि कामही थांबलं नाही

पुणतांबा (ता. राहाता) : चांगदेव महाराजांच्या समाधीमुळे पुणतांबा सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. दर्शनाला येणारे भाविक गोदावरीच्या घाटावर उतरतात, पाय धुतात, हात जोडतात. पण इथल्या जुन्या घाटांपैकी एक घाट पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांनी बांधला, हे फार जणांना ठाऊक नसतं. जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरमध्ये तशी नोंद आहे. आज ज्यांचं नाव आपल्या जिल्ह्याला आहे, त्यांच्याच हातची ही पुण्याई आपल्या गावात उभी आहे.

अहिल्यादेवी म्हटलं की मंदिरं, घाट, बारव आठवतात. पण हे सगळं करणाऱ्या बाईच्या घरात काय चाललं होतं, ते फारसं सांगितलं जात नाही.

चौंडीची लेक

अहिल्यादेवींचा जन्म 31 मे 1725 चा. गाव सीना नदीकाठचं चौंडी, आताचा जामखेड तालुका. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील. सुभेदार मल्हारराव होळकरांचा मुक्काम चौंडीला पडला असताना त्यांनी या चुणचुणीत पोरीला देवळात पाहिलं आणि सून म्हणून पसंत केली, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. लहान वयातच त्यांचं खंडेराव होळकरांशी लग्न झालं आणि त्या माळव्यात गेल्या. सासऱ्यांनी सुनेला हिशोब आणि कारभार शिकवला.

एकामागून एक घाव

मार्च 1754 मध्ये कुंभेरच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव गेले. अहिल्यादेवी तेव्हा 28 वर्षांच्या होत्या. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्या सती जायला निघाल्या. म्हाताऱ्या मल्हाररावांनी रडून विनवणी केली, तेव्हा कुठे थांबल्या. 1761 मध्ये आईसारखी माया करणाऱ्या सासूबाई गौतमाबाई गेल्या. 1766 मध्ये मल्हारराव गेले. गादीवर मुलगा मालेराव बसला, पण वर्ष पुरं व्हायच्या आत, 1767 मध्ये तोही गेला.

नवरा नाही, सासरा नाही, एकुलता एक मुलगा नाही. त्यात राज्य ताब्यात घ्यायला राघोबादादा फौज घेऊन निघाले. अहिल्यादेवींनी लढायची तयारी केली आणि पुण्याला माधवराव पेशव्यांकडेही दाद मागितली. राघोबादादांना माघार घ्यावी लागली. माधवरावांनी कारभार अहिल्यादेवींकडेच ठेवला. फौजेची जबाबदारी तुकोजी होळकरांकडे दिली गेली आणि राजधानी नर्मदाकाठी महेश्वरला आली.

दिवस उजाडायच्या आधी पूजा

त्यांचा रोजचा दिनक्रम इंग्रज अधिकारी जॉन माल्कम याने पुढे माळव्यातल्या लोकांकडून ऐकून लिहून ठेवला आहे. पहाट व्हायच्या आधी उठणं, स्नान, पूजा, पुराण ऐकणं, दानधर्म, मग साधं जेवण. दुपारपासून संध्याकाळपर्यंत दरबार. पुन्हा पूजा, थोडं खाणं आणि रात्री उशिरापर्यंत परत कारभार. वाड्यात नर्मदेच्या मातीची शिवलिंगं करून त्यांची पूजा चाले. हुकमावर त्या स्वतःचं नाव घालत नसत, श्रीशंकराचं नाव घालत. राज्य देवाचं, आपण फक्त सांभाळतोय, ही त्यांची भावना होती.

आता कोणी विचारेल, एवढी पूजा करून देवानं त्यांना काय दिलं? प्रश्न खोटा नाही. पूजेनं नवरा परत आला नाही, मुलगाही वाचला नाही. उलट म्हातारपणी आणखी मोठा घाव बसला. 1790 च्या सुमारास नातू नथ्याबा गेला. पाठोपाठ 1791 मध्ये जावई यशवंतराव फणसे गेले. मुलगी मुक्ताबाई सती जायला निघाली. जिला स्वतःला सासऱ्यानं चितेवरून मागे फिरवलं होतं, त्या आईनं लेकीला खूप समजावलं, हातापाया पडली. मुक्ताबाई ऐकली नाही. आईच्या डोळ्यांदेखत ती चितेवर गेली.

त्यानंतर तीन दिवस अहिल्यादेवींनी अन्न घेतलं नाही, कोणाशी बोलल्या नाहीत. मग उठल्या. गेलेल्या माणसांच्या आठवणीत सुंदर स्मारक बांधायला घेतलं आणि परत कारभाराला लागल्या. 13 ऑगस्ट 1795 ला, वयाच्या 70 व्या वर्षी देह ठेवला, तोवर हे चालूच होतं.

भक्ती कुठे दिसते?

त्यांची भक्ती देवघरात अडकून बसली नाही. काशी विश्वनाथाचं मंदिर त्यांनी परत उभं केलं, सोमनाथला नवं मंदिर बांधलं, गयेचं विष्णुपद मंदिर, वेरूळचं घृष्णेश्वर यांचं काम केलं. देवळांबरोबर घाट, विहिरी, धर्मशाळाही बांधल्या. हा धर्मादाय खर्च मुख्यतः खासगीतून, म्हणजे स्वतःच्या हक्काच्या उत्पन्नातून झाला. स्वतः विधवा असलेल्या या बाईनं विधवांना नवऱ्याची मालमत्ता राखू दिली, दत्तक घेऊ दिलं. महेश्वरला विणकरांना आसरा दिला. ती महेश्वरी साडी आजही विकली जाते.

पुणतांब्याचा घाट त्यातलाच. नदीचा काठ म्हणजे चिखल, घसरण. पायऱ्या झाल्या की म्हातारं माणूसही पाण्यापर्यंत जातं, बाईला घागर भरता येते, यात्रेकरूला अंघोळ करता येते.

आपल्या भागातला माणूस दुष्काळ, पूर आणि कर्ज यांना नवा नाही. संकट आलं की कोणी म्हणतं देवच नाही, तर कोणी सगळं देवावर सोडून हातावर हात ठेवून बसतं. अहिल्यादेवींनी यातलं काहीच केलं नाही. पहाटे देवाचं नाव घेतलं आणि दुपारी लोकांचं गाऱ्हाणं ऐकायला बसल्या, तेही ज्या घरात रडायला माणूस उरलं नव्हतं अशा घरातून.

पुढच्या वेळी समाधीच्या दर्शनाला गेलात तर घाटावरही जा. पोराबाळांना सोबत न्या आणि या पायऱ्या कोणी बांधल्या, ते सांगा. आणि हो, घाटावर कचरा टाकू नका.