ज्येष्ठतेच्या क्रमाने आलेले सरन्यायाधीश : न्या. मोहम्मद हिदायतुल्ला

नवा रायपूर : छत्तीसगडच्या नव्याने वसविलेल्या या राजधानीत उपरवारा येथे उभे असलेले राष्ट्रीय विधी विद्यापीठ देशाचे माजी सरन्यायाधीश मोहम्मद हिदायतुल्ला यांच्या नावाने ओळखले जाते. राज्याच्या कायद्याने २००३ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले, त्याला स्थानिक कारणही आहे. १९२२ मध्ये हिदायतुल्ला रायपूरच्याच शासकीय हायस्कूलमधून मॅट्रिक झाले होते.

त्यांचा जन्म १७ डिसेंबर १९०५ रोजी लखनौ येथे झाला. वडील हाफिज विलायतुल्ला हे सरकारी सेवेतील अधिकारी आणि उर्दूतील कवी होते. रायपूरनंतरचे शिक्षण नागपूरच्या मॉरिस महाविद्यालयात, त्यापुढचे केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयात झाले. लिंकन्स इनमधून बॅरिस्टर होऊन १९३० मध्ये ते नागपूरला परतले आणि पुढील सुमारे अडीच दशके हेच शहर त्यांची कर्मभूमी राहिले. येथे त्यांनी वकिली केली, विधी महाविद्यालयात अध्यापन केले. १९४३ मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडचे महाधिवक्तापद त्यांच्याकडे आले, तेव्हा त्यांचे वय अवघे ३७ होते. १९४६ मध्ये नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायाधीश आणि १९५४ मध्ये त्याच न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश, अशा पायऱ्या ते चढत गेले. राज्य पुनर्रचनेनंतर ते जबलपूरला मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले. १ डिसेंबर १९५८ रोजी त्यांनी सर्वोच्च न्यायालयात पदभार स्वीकारला.

१९४८ मध्ये, फाळणीच्या जखमा ओल्या असताना, त्यांनी पुष्पा शाह यांच्याशी विवाह केला. मुस्लिम न्यायाधीश आणि हिंदू वधू हा त्या काळी चर्चेचा विषय ठरणे स्वाभाविक होते. मात्र धर्माचे त्यांचे ज्ञान वरवरचे नव्हते. मुल्ला यांच्या मुस्लिम कायद्यावरील प्रमाणग्रंथाच्या नव्या आवृत्तीचे संपादन त्यांनी पुढे स्वतः केले.

सर्वोच्च न्यायालयातील त्यांच्या स्वतंत्र वृत्तीचा पहिला मोठा प्रत्यय १९६४ च्या सज्जनसिंग खटल्यात आला. संसदेला घटनादुरुस्ती करून मूलभूत हक्क कमी करता येतात, हे न्या. प्रल्हाद गजेंद्रगडकर यांनी बहुमताच्या वतीने मान्य केले. निकालाशी सहमत होऊनही हिदायतुल्ला आणि नागपूरचेच न्या. जनार्दन मुधोळकर यांनी आपापल्या स्वतंत्र निकालपत्रांत या गृहीतकाविषयी शंका नोंदविली. ही शंका तीन वर्षांत बहुमत बनली. २७ फेब्रुवारी १९६७ रोजी गोलकनाथ खटल्यात ११ न्यायाधीशांनी सहा विरुद्ध पाच अशा काठावरच्या बहुमताने संसदेचा हा अधिकार नाकारला. त्या सहांमध्ये हिदायतुल्ला होते आणि त्यांचे निकालपत्र वेगळे होते. संपत्तीच्या हक्काला मूलभूत हक्कांत स्थान देणे हीच चूक होती, असेही त्यांनी त्यात लिहिले. त्यांना जमीनदारांचे कैवारी ठरविणाऱ्यांनी हा भाग बहुधा वाचला नसावा.

पत्रकारांनी मात्र त्यांना आणखी एका खटल्यासाठी लक्षात ठेवायला हवे. मुंबई उच्च न्यायालयात ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाच्या संपादकांविरुद्ध अब्रुनुकसानीचा दावा सुरू असताना न्या. वि. म. तारकुंडे यांनी एका साक्षीदाराची साक्ष प्रसिद्ध न करण्याचा तोंडी आदेश दिला. न्यायालयाचे दार उघडे होते, पण आत ऐकलेले छापण्यास मनाई होती. वार्ताहर नरेश श्रीधर मिरजकर यांनी त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. ३ मार्च १९६६ रोजी नऊ न्यायाधीशांपैकी आठांनी त्यांची याचिका फेटाळली. न्यायालयाचा आदेश मूलभूत हक्काचा भंग करू शकत नाही, असे बहुमताचे म्हणणे होते. एकट्या हिदायतुल्लांनी विरोधी मत दिले. राज्यसत्तेच्या इतर अंगांप्रमाणे न्यायाधीशही नागरिकाच्या हक्कांवर अतिक्रमण करू शकतो आणि तसे झाल्यास दाद मागता आली पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. सरकारच्या विरोधात निकाल देणारे न्यायाधीश पुष्कळ सापडतात. आठ सहकाऱ्यांसमोर स्वतःच्याच संस्थेला मर्यादा घालू पाहणारे विरळा.

२५ फेब्रुवारी १९६८ रोजी ते सरन्यायाधीश झाले. या पदावर पोहोचलेले ते पहिले मुस्लिम होते. कोणा पंतप्रधानाच्या पसंतीने वा अल्पसंख्याकांना प्रतिनिधित्व देण्याच्या हिशेबाने त्यांना हे पद मिळाले नव्हते. सर्वांत ज्येष्ठ न्यायाधीशाने सरन्यायाधीश व्हावे, या संकेताने ते मिळाले होते. केवळ ज्येष्ठता पाहू नये, अशी शिफारस मोतीलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने १९५८ मध्येच केली होती आणि तिच्यात तथ्यही होते. तरीही या रूक्ष संकेतामुळे निवडीच्या दारातून धर्म आणि पक्ष या दोघांनाही आत शिरता येत नव्हते.

याच काळात अमेरिकेत काय चालले होते, हे पाहण्यासारखे आहे. तेथे न्यायाधीशाचे नाव राष्ट्राध्यक्ष सुचवितात आणि सिनेट मतदान करते. सरकारी शाळांतील अधिकृत प्रार्थना घटनाबाह्य ठरविणाऱ्या १९६२ च्या निकालानंतर तेथील सर्वोच्च न्यायालयावर टीकेची झोड उठली होती. १९६८ च्या निवडणुकीत रिचर्ड निक्सन यांनी न्यायालयालाच प्रचाराचा मुद्दा केले. तेथे एक जागा ज्यू न्यायाधीशाची मानली जाई आणि १९३२ पासून ती तशीच भरली जात होती. मे १९६९ मध्ये न्या. एब फोर्टास यांच्या राजीनाम्याने ती रिकामी झाली. निक्सन यांनी सुचविलेली दोन नावे सिनेटने फेटाळली आणि ती जागा भरायला वर्ष लागले.

त्याच उन्हाळ्यात निक्सन दिल्लीत आले, तेव्हा त्यांचे स्वागत भारताच्या सरन्यायाधीशांनी केले, तेही राष्ट्रपती म्हणून. राष्ट्रपती झाकिर हुसेन यांचे ३ मे १९६९ रोजी निधन झाले होते. कार्यवाहू राष्ट्रपती वराहगिरी वेंकट गिरी यांनी निवडणूक लढविण्यासाठी २० जुलैला राजीनामा दिला आणि अशा प्रसंगासाठी नुकत्याच झालेल्या कायद्यानुसार हिदायतुल्ला २४ ऑगस्टपर्यंत राष्ट्रपतीपदाचा कार्यभार पाहू लागले. बँक राष्ट्रीयीकरणाच्या विधेयकाला ९ ऑगस्टला त्यांच्याच कार्यकाळात संमती मिळाली. पुढे त्या कायद्याला आव्हान मिळाले, तेव्हा ११ न्यायाधीशांच्या पीठाचे नेतृत्व न्या. जयंतीलाल शाह यांनी केले. सरन्यायाधीश त्या पीठावर नव्हते.

संस्थानिकांच्या तनख्याच्या खटल्यात मात्र ते स्वतः अग्रस्थानी बसले. तनखे रद्द करणारी घटनादुरुस्ती ५ सप्टेंबर १९७० रोजी राज्यसभेत अगदी निसटत्या फरकाने नामंजूर झाली आणि दुसऱ्याच दिवशी राष्ट्रपतींच्या आदेशाने सर्व संस्थानिकांची मान्यता काढून घेण्यात आली. १५ डिसेंबरला न्यायालयाने तो आदेश बेकायदा ठरविला. दुसऱ्या दिवशी हिदायतुल्ला निवृत्त झाले. न्यायनिष्ठा म्हटली की मराठी मनाला रामशास्त्री प्रभुणे आठवतात. पण रामशास्त्रींसमोर राघोबादादा होते. येथे समोर लोकांनी निवडून दिलेले, लोकप्रिय घोषणा हाती असलेले सरकार होते, आणि न्यायालयाचा निर्णय ज्यांच्या बाजूने गेला त्या राजेरजवाड्यांविषयी जनतेला फारशी सहानुभूती नव्हती. अशा वेळी कायद्याच्या बाजूने उभे राहणे अधिक अवघड, असे वाटते.

त्यांच्या सर्वच निकालांवर एकमत होणार नाही. न्यायव्यवस्था वर्गीय दृष्टीने वागते, असे म्हणणारे केरळचे मुख्यमंत्री ई. एम. एस. नंबुद्रीपाद यांना न्यायालयाच्या अवमानाबद्दल झालेली शिक्षा त्यांनी जुलै १९७० मध्ये कायम ठेवली, दंड मात्र एक हजारावरून ५० रुपयांवर आणला. मिरजकर खटल्यात न्यायाधीशांच्या मर्यादा सांगणाऱ्या हिदायतुल्लांनी येथे राजकीय टीकेला अधिक मोकळीक द्यायला हवी होती.

एप्रिल १९७३ मध्ये तीन ज्येष्ठ न्यायाधीशांना डावलून न्या. अजितनाथ रे यांना सरन्यायाधीश करण्यात आले. तनख्याच्या खटल्यात रे यांचे मत सरकारच्या बाजूने होते. हिदायतुल्लांनी या नेमणुकीवर जाहीर टीका केली. अशाने न्यायाधीशांचे डोळे वरच्या पदाकडे लागतील, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. ऑगस्ट १९७९ मध्ये ते स्वतः बिनविरोध उपराष्ट्रपती झाले. निवृत्त न्यायाधीशाने राजकीय स्वरूपाचे पद घ्यावे काय, हा प्रश्न त्यांच्याबाबतीतही विचारता येतो. फरक इतकाच की निवृत्ती आणि हे पद यांच्यात जवळपास नऊ वर्षे गेली होती आणि सर्व पक्षांनी एकत्र येऊन त्यांची निवड केली होती. ऑक्टोबर १९८२ मध्ये राष्ट्रपती झैलसिंग उपचारांसाठी अमेरिकेत असताना त्यांनी पुन्हा काही दिवस राष्ट्रपतीपद सांभाळले. १९८४ मध्ये ते उपराष्ट्रपतीपदावरून निवृत्त झाले. १८ सप्टेंबर १९९२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.