नामदार गोखले आणि नाताळची मजूरबंदी

कागल म्हटले की राजर्षी शाहू महाराजांचे नाव आधी येते, आणि ते योग्यच आहे. पण आणखी एका थोर पुरुषाचे बालपण आपल्या गावात गेले. ते म्हणजे नामदार गोपाळ कृष्ण गोखले. मंडळाच्या वर्धापनदिनी त्यांची आठवण करावी असे मनात आले.

गोखल्यांचा जन्म 9 मे 1866 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक गावी झाला. वडील कृष्णराव कागल जहागिरीत नोकरीला होते, म्हणून गोपाळाचे पहिले धडे इथेच झाले. पुढे थोरले बंधू गोविंदराव यांच्याबरोबर ते कोल्हापुरास शिकायला गेले. 1879 साली वडील वारले. गोविंदरावांनी आपले शिक्षण सोडले आणि कागलला 15 रुपयांची नोकरी धरली. त्यातले 8 रुपये ते दरमहा गोपाळाला पाठवीत. उरलेल्या 7 रुपयांत घर कसे चालले असेल, हे आपण बायकाच जाणू शकतो. कॉलेजच्या खर्चासाठी वहिनींनी अंगावरचे दागिने विकले. त्या माउलीचे उपकार फार मोठे आहेत.

1884 साली गोखले बी. ए. झाले. पुण्यात त्यांनी फर्ग्युसन कॉलेजात शिकवले आणि 1905 साली भारत सेवक समाज काढला. कलकत्त्याच्या वरिष्ठ कायदेमंडळात ते लोकांची बाजू मांडू लागले.

त्या वेळी आपली माणसे पाच वर्षांच्या करारावर दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांतात नेली जात. या कराराला गिरमिट म्हणत. 1860 पासून दीड लाखावर माणसे तिकडे गेली. ऊस, चहा, कोळशाच्या खाणी, सारे त्यांच्या हातांवर चाले. उसाच्या कामाचे कष्ट आपल्या भागाला नव्याने सांगायला नकोत. करार संपल्यावर मात्र ही काळी माणसे तिथल्या गोऱ्यांना डोळ्यांसमोर नको असत. जो मागे राहील त्याने वर्षाला तीन पौंड, म्हणजे सुमारे 45 रुपये, कर भरायचा. बायकांनाही तो होता, आणि पुढे तेरा वर्षांच्या मुलीलासुद्धा लागू झाला. 45 रुपये म्हणजे गोविंदरावांचा तीन महिन्यांचा पगार. गरिबीतून वर आलेल्या गोखल्यांना तो आकडा नुसता आकडा वाटला नसेल.

1909 साली गांधीजींचे सहकारी हेन्री पोलॉक हिंदुस्थानात आले. गोखल्यांच्या मदतीने गावोगावी सभा झाल्या, सरकारकडे मागण्या गेल्या. रतन टाटांनी 25 हजार रुपये दिले. लोकमत असे तयार झाल्यावर 25 फेब्रुवारी 1910 रोजी गोखल्यांनी कायदेमंडळात ठराव मांडला: नाताळला मजूर पाठवणे बंद करावे. ज्यांना आमचे कष्ट हवेत पण आमची माणसे नकोत, त्यांना कष्टही मिळू नयेत, हे त्यातले साधे मर्म. सरकारने ठराव मान्य केला आणि 1 जुलै 1911 पासून ही मजूरबंदी सुरू झाली.

गरिबाची मजुरी बुडाली, असे कोणी म्हणेल. ते खोटे नाही. पण ज्या मजुरीत माणूस बांधला जातो आणि शेवटी हाकलला जातो, ती मजुरी कसली?

1912 साली गोखले स्वतः दक्षिण आफ्रिकेला गेले. मधुमेहाने शरीर पोखरले होते, तरी गेले. तीन पौंडांचा कर काढू, असे तिथल्या मंत्र्यांनी सांगितल्याचा त्यांचा समज झाला. पुढे मंत्र्यांनी तसा शब्द दिलाच नाही म्हटले. 1913 साली सत्याग्रह पेटला, कस्तुरबांसह कितीतरी बायका तुरुंगात गेल्या. इकडे गोखले आजारपणातही निधीसाठी हिंडत होते. अखेर 1914 साली कायद्याने तो कर रद्द झाला.

इथे ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही, की तोंडी शब्दावर विसंबून मजूरबंदी उठवली गेली नाही. पूर्वीसारखे मजूर नाताळच्या मळ्यांना पुन्हा मिळाले नाहीत. 19 फेब्रुवारी 1915 रोजी, अवघ्या 48 व्या वर्षी, गोखले गेले. दोनच वर्षांनी, 1917 साली, इतर देशांकडे जाणारे गिरमिटी मजूरही थांबले.

पुढे 1946 साली आपल्या देशाने त्याच दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला. जगात हे पाऊल पहिल्यांदा आपणच उचलले. नुकसान सोसून ती बंदी चाळीस वर्षांहून अधिक पाळली. 1994 साली तिथल्या काळ्या माणसाला मत मिळाले, तेव्हा त्या धीराचे चीज झाले.

अन्यायाशी व्यवहार तोडणे एक वेळ सोपे, तो तुटलेला ठेवणे कठीण. त्यासाठी कायदेमंडळात खमका माणूस हवा आणि त्याच्या पाठीशी जागी जनता हवी. आपल्या निवडून दिलेल्या माणसांना जाब विचारणे हे आपल्या मंडळाचेही काम आहे. कागलच्या वहिनींनी विकलेले दागिने सातासमुद्रापार कुणाच्या तरी लेकीचा कर माफ करून गेले. आपणही आपल्यापरीने तेवढे करावे, इतकीच विनंती.