मगनवाडीचा हिशेबनीस

सिंदी हे नाव उच्चारताच वैदर्भीय माणसाला शिंदीचे झाड आठवते. आज वर्धा शहर आणि सिंदी मेघे यांच्यातील सीमारेषा जवळपास पुसली गेली आहे. परंतु १९३०च्या दशकाच्या अखेरीस याच परिसरात शिंदीच्या नीरेपासून गूळ करण्याचे प्रयोग चालले होते. त्यामागे होता अखिल भारत ग्रामोद्योग संघ आणि त्याचे कार्यवाह होते जे. सी. कुमारप्पा.

४ जानेवारी १८९२ रोजी तंजावरच्या तमिळ ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेले कुमारप्पा लंडनमध्ये हिशेबतपासनीस झाले. मुंबईत व्यवसाय थाटला, अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकले. १९२९ मध्ये गांधीजींची भेट झाली आणि सुटाबुटाचे आयुष्य मागे पडले.

१५ जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपानंतर मदतनिधीचा हिशेब त्यांच्याकडे आला. गांधीजींसोबत आलेल्या मंडळींचा खर्चही या निधीतून करण्यास त्यांनी नकार दिला. त्याच वर्षअखेरीस ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि जमनालाल बजाज यांनी दिलेल्या बागेत, मगनवाडीत, कुमारप्पांनी बस्तान मांडले. तेलघाणी, हातकागद, मधमाशापालन, चक्की... शहरी सुशिक्षितांना हा सारा भूतकाळाचा छंद वाटे.

मग युद्ध आले. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपान्यांच्या हाती पडला आणि तिकडून येणारा तांदूळ व रॉकेल दोन्ही थांबले. ज्याची खात्री धरली तेच नाहीसे झाले. तेव्हा वनस्पती तेलावर जळणाऱ्या मगनवाडीच्या 'मगन दीपा'चे महत्त्व उमगले. कुमारप्पांना मात्र टंचाईपेक्षा नोटांचे भय अधिक होते. सरकार युद्धासाठी भारतातून माल उचलत होते, त्याची किंमत लंडनमध्ये पौंडांत जमा दाखवत होते आणि त्या बळावर इथे नोटा छापत होते. धान्य जात होते, कागद येत होता, भाव चढत होते. शेतकऱ्याने कागदाच्या मोहाने कोठार रिते करू नये, असे त्यांनी लिहिले. शहरांनी मग खावे काय, हा आक्षेप रास्तच. तथापि १९४३ मध्ये बंगालमध्ये लाखो माणसे भुकेने मेली, तेव्हा चलनवाढीचा त्यातील वाटा नाकारता येण्याजोगा नव्हता.

कुमारप्पा तोवर तुरुंगात होते. जबलपूरच्या कोठडीत त्यांनी चिरंतन अर्थव्यवस्थेवरील आपला ग्रंथ लिहिला. निसर्गाची ठेव मोडून खाणारी समृद्धी टिकत नाही, हे त्याचे सूत्र. १९४५ मध्ये तो प्रसिद्ध झाला.

स्वातंत्र्यानंतर दिल्लीने अवजड उद्योगांची वाट धरली. कुमारप्पांनी टीका सोडली नाही, जवळचेही दुरावले. वर्धा जिल्ह्यातीलच सेलडोह येथे त्यांनी शेतीचे प्रयोग आरंभले, पण प्रकृती साथ देईना. अखेर ते मदुराईजवळच्या कल्लुपट्टीस गेले. ३० जानेवारी १९६० रोजी, गांधीजींच्या पुण्यतिथीस, मद्रासमध्ये त्यांचे निधन झाले.