लेखणीने आज्ञावली लिहिणारे गणिती : एड्सगर डाइक्स्ट्रा

इ. स. १९५७ साली हॉलंडमधील आमस्टरडॅम शहरी एक तरुण आपल्या विवाहाची नोंद करण्यास गेला. रिवाजाप्रमाणे त्यास व्यवसाय विचारण्यात आला, तेव्हा त्याने आपण प्रोग्रॅमर असल्याचे सांगितले. असा काही व्यवसाय जगात आहे हे नगरपालिकेचे अधिकारी मान्य करीनात. अखेर नोंदवहीत सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ असे लिहून वेळ निभावण्यात आली. हा तरुण म्हणजे एड्सगर वीबे डाइक्स्ट्रा. सरकारी दप्तरात ज्या धंद्याला नाव नव्हते, त्याला शास्त्राची प्रतिष्ठा मिळवून देण्यातच त्यांचे पुढील सर्व आयुष्य खर्ची पडले.

डाइक्स्ट्रा यांचा जन्म ११ मे १९३० रोजी रॉटरडॅम येथे झाला. वडील रसायनशास्त्रज्ञ, तर आई गणितात पारंगत. कायद्याचा अभ्यास करून संयुक्त राष्ट्रसंघात देशाचे प्रतिनिधित्व करावे असा त्यांचा शालेय वयातील मनसुबा होता. पण ते लायडन विद्यापीठात गेले आणि भौतिकशास्त्राकडे वळले. १९५१ साली त्यांनी केंब्रिज येथे प्रोग्रॅमिंगच्या तीन आठवड्यांच्या वर्गास हजेरी लावली. पुढील वर्षी आमस्टरडॅमच्या गणित-केंद्रात त्यांना अर्धवेळ काम मिळाले. तरीही मन द्विधा होते. भौतिकशास्त्रामागे पिढ्यांची तपश्चर्या उभी होती. प्रोग्रॅमिंगमागे काय होते? त्यांनी ही शंका आपले वरिष्ठ व्हान वाइनगार्डन यांच्यापुढे मांडली. ही यंत्रे आता जाणार नाहीत, मग त्यांचे शास्त्र घडविणारा तूच का होऊ नयेस, अशा आशयाचे उत्तर मिळाले आणि डाइक्स्ट्रा यांच्या आयुष्याची दिशा ठरली.

१९५६ साली नियोजित वधूसह बाजारहाट करून दमल्यावर ते एका उपाहारगृहाच्या गच्चीवर कॉफी घेत बसले होते. दोन गावांमधील सर्वांत जवळची वाट कशी शोधावी, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी तेथे सुमारे वीस मिनिटांत, कागद-पेन्सिलीवाचून, शोधून काढले. ते १९५९ साली प्रसिद्ध झाले व आजही त्यांच्याच नावाने जगभर शिकविले जाते. हाती कागद नसल्यामुळे टाळता येण्याजोगा सारा गुंता टाळावाच लागला, असे ते पुढे सांगत.

याच सुमारास आल्गॉल ६० ही नवी भाषा जन्मास येत होती. डाइक्स्ट्रा व त्यांचे सहकारी याप झोनेफेल्ड यांनी तिचा कंपायलर, म्हणजे त्या भाषेतील मजकुराचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारी आज्ञावली, लिहिण्यास घेतला. काम पुरे होईपर्यंत दाढी करावयाची नाही, असा दोघांनी पण केला होता. ऑगस्ट १९६० मध्ये काम तडीस गेले. झोनेफेल्ड यांनी दाढी उतरविली. डाइक्स्ट्रा यांनी ती ठेवली.

येथे थोडे थांबून भाषांचा एक भेद सांगणे आम्हांस अवश्य वाटते. आल्गॉलमध्ये प्रत्येक नाव वापरण्यापूर्वी त्यात कोणत्या जातीची वस्तू राहील हे जाहीर करावे लागते : पूर्णांक, दशांशयुक्त संख्या, की केवळ खरे-खोटे. अशा भाषांना स्टॅटिक म्हणतात. त्याच काळात अमेरिकेत जॉन मॅकार्थी यांनी लिस्प ही भाषा रचली. तीत नावाला जात नाही; आज तेथे संख्या असेल, उद्या शब्द. जातीची तपासणी आज्ञावली चालू असताना होते. ही डायनॅमिक भाषा. समजा, वर्गाच्या गुणांची बेरीज करावयाची आहे आणि आज्ञावली लिहिताना आपल्याच हातून एके जागी गुणांऐवजी ‘गैरहजर’ हा शब्द बेरजेत घातला गेला. स्टॅटिक भाषेचा कंपायलर आज्ञावली सुरू होण्यापूर्वीच ती नाकारील. डायनॅमिक भाषेत काम सुखाने चालू राहील आणि नेमकी ती ओळ गाठल्यावर अडेल. दुसरीत लिहिणे झपाट्याने होते, पहिलीत काही चुका आधी सापडतात. मात्र सहा विषयांच्या बेरजेला कोणी पाचाने भागले, तर ती चूक पहिलीलाही दिसत नाही!

मग कोणती भाषा निवडावी? डाइक्स्ट्रा यांची दृष्टी याहून खोल होती. मार्च १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या पत्रात त्यांनी दाखविले की, कागदावरील आज्ञावली स्थिर असते, तर तिच्यापासून यंत्रात घडणारी क्रिया काळाबरोबर धावत असते. माणसाची बुद्धी स्थिर संबंध चांगले ओळखते, धावती क्रिया तिला नीट दिसत नाही. म्हणून मजकूर असा लिहावा की तो वाचूनच क्रिया समजावी. आज्ञावलीत कोठूनही कोठेही उडी मारण्यास मुभा देणाऱ्या ‘गो टू’ या आज्ञेवर त्यांचा राग होता तो याचसाठी. त्या पत्रावरून मोठा वाद माजला. परंतु पुढील भाषांतून ती आज्ञा हळूहळू मागे पडली हे खरे.

दहा उदाहरणांवर आज्ञावली बरोबर चालली, म्हणून अकराव्यावर चालेलच असे नाही. यास्तव ती लिहितानाच तिची सिद्धता मनात तयार असावी, असा त्यांचा आग्रह असे. ते स्वतः फाउंटन पेनने सुवाच्य अक्षरात लिहीत. प्रत्येक टिपणावर आपल्या नावाची आद्याक्षरे व क्रमांक घालून त्याच्या प्रती मित्रांना पाठवीत. मित्र त्या पुढे इतरांना देत. १९७२ साली त्यांना ट्यूरिंग पुरस्कार मिळाला. त्या वेळच्या व्याख्यानात त्यांनी लिस्पचाही गौरवाने उल्लेख केला, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

स्वभावाने मात्र ते फार तिखट होते. बेसिक ही भाषा आधी शिकलेल्या मुलांविषयी त्यांनी जे लिहिले, ते आमच्या मते अन्यायाचे आहे. त्याच भाषेने आरंभ करून पुष्कळ जण उत्तम प्रोग्रॅमर झाले. चुकतमाकत, पडताळा घेत शिकणाऱ्याला त्यांनी कधी पुरती दाद दिली नाही. आणि योगायोग असा की, आज शाळाशाळांतून शिकविली जाणारी पायथॉन ही डायनॅमिक भाषा त्याच आमस्टरडॅमच्या गणित-केंद्रात, त्याचे नाव बदलल्यानंतर, १९८९-९१ च्या सुमारास तयार झाली.

१९८४ पासून ते टेक्सासमधील ऑस्टिन येथे प्राध्यापक होते. १९९९ मध्ये निवृत्त झाले, तरी दोन वर्षांनी तेथील पहिल्या वर्गासाठी हॅस्केलऐवजी जावा ही भाषा येणार असे कळताच त्यांनी विद्यापीठाला पत्र लिहिले. वस्तुतः दोन्ही भाषा स्टॅटिकच. पण हॅस्केलमधील आज्ञावलीकडे गणिताच्या विधानासारखे पाहता येते, आणि नवख्या विद्यार्थ्याच्या मनाला पहिले वळण तसेच लागावे, अशी त्यांची विनंती होती. त्या वेळी त्यांचे वय सत्तरीपार गेले होते.

पुढे ते मायदेशी न्यूनेन या गावी परतले व ६ ऑगस्ट २००२ रोजी कर्करोगाने निवर्तले. त्यांची तेराशेहून अधिक क्रमांकित टिपणे, बरीचशी त्यांच्या स्वतःच्या हस्ताक्षरातील, ऑस्टिनच्या विद्यापीठाने जपून ठेवली आहेत.