हृदयाचा एमआरआय आणि इसिडोर राबी

तुम्हाला किंवा घरातल्या कोणाला हृदयाचा एमआरआय सांगितला असेल, तर दोन शंका हमखास येतात. त्या बोगद्यात जीव घुसमटेल का? किरणांचा त्रास होईल का? ज्यांच्या शोधावर हे यंत्र उभे आहे, ते इसिडोर राबी म्हातारपणी स्वतः रुग्ण म्हणून त्यात झोपले होते.

राबी यांचा जन्म 1898 साली आजच्या पोलंडमधील रिमानूव गावी, गरीब ज्यू कुटुंबात झाला. तान्हे असतानाच ते न्यूयॉर्कला आले. वडिलांनी शिवणकामाच्या कारखान्यात राबून पुढे किराणा दुकान चालवले. मुलगा शाळेतून आला की, आज चांगला प्रश्न विचारला की नाही, एवढेच आई विचारत असे. (डॉक्टरांकडे जातानाही ही सवय ठेवा.)

1930 च्या दशकात कोलंबिया विद्यापीठात त्यांनी दाखवले की, चुंबकीय क्षेत्रातील अणुकेंद्रके ठरावीक रेडिओ लहरींनाच प्रतिसाद देतात. 1944 चे नोबेल त्यांना यासाठीच मिळाले. रुग्णांचा विचार तेव्हा कुठेच नव्हता. 1946 मध्ये ब्लॉक आणि पर्सेल यांनी हाच प्रतिसाद द्रव-घन पदार्थांत मोजला. ब्लॉक यांच्या प्रयोगशाळेत काम केलेल्या एस. एस. धर्मट्टी यांनी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ही विद्याशाखा रुजवली. 1973 मध्ये लॉटरबर यांनी या प्रतिसादातून चित्र तयार केले.

वेरूळचे कैलास लेणे कारागिरांनी अखंड खडक वरून खाली खोदत साकारले. हृदयात असे खोदून पाहता येत नाही. एमआरआय शरीरातील पाण्यातल्या हायड्रोजनचा प्रतिसाद टिपतो. त्यात क्ष-किरण नसतात. हृदय किती जोराने आकुंचन पावते, झटक्यानंतर कुठला स्नायू मेला आणि कुठला अजून जिवंत आहे, हे त्यात दिसते. थॅलेसेमियाच्या मुलांच्या हृदयात साठलेले लोह तर लक्षणे दिसण्याआधीच कळते, आणि औषध वेळेत वाढवता येते. मला ही त्याची सर्वांत मोठी देणगी वाटते.

पूर्वी पुन्हा पुन्हा श्वास रोखावा लागे. आता वेगवान यंत्रे आणि संगणकाच्या मदतीने काही ठिकाणी नेहमीसारखा श्वास घेतानाही चित्रे काढता येतात. काही तपासण्या गॅडोलिनियमच्या इंजेक्शनशिवाय करण्याचेही प्रयत्न चालू आहेत.

यंत्रात झोपलेल्या राबींना आतल्या चकचकीत भिंतीत स्वतःचा वेडावाकडा चेहरा दिसला. आपले काम इथवर पोहोचेल, असे त्यांना कधी वाटले नव्हते. जानेवारी 1988 मध्ये, वयाच्या 89 व्या वर्षी ते वारले.

वेरूळ-खुलताबादकडून संभाजीनगरला तपासणीसाठी येणार असाल, तर जुने कागद बरोबर आणा. पेसमेकर, मेंदूतील क्लिप, मूत्रपिंडाचा आजार किंवा गर्भारपण असेल तर आधीच सांगा. बहुतेक स्टेंट चालतात, तरी कार्ड दाखवा. बंद जागेची भीती वाटत असेल तर तेही लाजू नका. हातात घंटीचे बटण दिलेले असते, ते दाबले की तंत्रज्ञ लगेच तुमच्याशी बोलतात.